जिथे डिस्चार्ज नसतो, तिथली नर्सिंग
दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रात रुजू होणाऱ्या नव्या सिस्टर आणि ब्रदरसाठी

जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं की बहुतेकांची नजर मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूकडे असते. पण अनेकांची पहिली नोकरी लागते ती वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरांत पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या, डिमेन्शिया झालेल्या, नळीवाटे जेवणाऱ्या माणसांना महिनोन्‌महिने सांभाळणारी अशी केंद्रं आज जागोजागी आहेत. २०११ च्या जनगणनेतच देशातल्या साठीपुढच्या माणसांची संख्या दहा कोटींवर गेली होती. घरात बघायला माणूस नाही आणि हॉस्पिटलात ठेवण्यासारखं काही नाही, अशा वेळी कुटुंबं या केंद्रांकडे येतात.

'तिथे काय शिकायला मिळणार? डायपर आणि फीड!' असं बॅचमेट म्हणतील. त्यांचं ऐकून मन खट्टू करून घेऊ नका. हॉस्पिटलात रात्री ड्यूटी डॉक्टर असतो, मॉनिटर वाजतो, लॅब खालच्याच मजल्यावर असते. केंद्रात रात्री बहुतेक ठिकाणी तुम्ही असता, दोन मावशी असतात आणि डॉक्टर फोनवर असतात. कोण आजारी पडतंय हे ओळखण्याची जबाबदारी सर्वस्वी तुमची. ती पार पाडायची तर एक गोष्ट पक्की हवी: प्रत्येक माणसाचं 'नेहमीचं' काय आहे, हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. या लेखातलं बाकी सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

पहिल्या ड्यूटीला आधी वस्तू बघा

हँडओव्हर घेण्याआधी दहा मिनिटं लवकर या आणि स्वतः हात लावून बघा. ऑक्सिजन सिलिंडर कुठे आहे, भरलेला आहे का, त्याची चावी जवळच बांधलेली आहे का. सक्शन मशीन सुरू करून ट्यूबच्या टोकावर बोट ठेवा. खेच येते का बघा. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्सची मुदत तपासा. इमर्जन्सी ट्रेमध्ये २५ टक्के डेक्स्ट्रोज आहे का ते बघा. डॉक्टरांचा नंबर, त्यांनी उचलला नाही तर दुसरा नंबर, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि प्रत्येक रुग्णाच्या जवळच्या नातेवाइकाचा नंबर भिंतीवर किंवा फाइलच्या पहिल्या पानावर आहे ना, याची खात्री करा. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, हेही आताच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता हे प्रश्न पडून उपयोग नाही.

'नेहमीचं' लिहून काढा

पहिल्या आठवड्यात एक वही करा. फाइलमधलं निदान तिच्यात पुन्हा उतरवू नका. ते कुठे पळून जात नाही. वहीत हे लिहा: एरवी बीपी किती असतं, टेम्परेचर किती असतं, किती पोळ्या खातात, पाणी कशातून पितात, पोट कितव्या दिवशी साफ होतं, झोप कशी आहे, आधार दिला तर किती पावलं चालतात, कोणाला ओळखतात, कशाने चिडतात, कोणत्या हाकेला 'ओ' देतात. ही हाक फार महत्त्वाची. शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईंना 'आजी' म्हटलेलं रुचत नाही, 'बाई' म्हटलं की मान वर होते. कोणाला 'काका' चालतं, कोणाला 'साहेब' लागतं. विचारून घ्या आणि काहीही झालं तरी अहो-जाहोच करा.

या वहीचा उपयोग काय, ते एका सकाळच्या चित्रातून सांगते. एक आजी आहेत, सकाळच्या चहावर रोज कुरकुर करणाऱ्या. कधी साखर कमी, कधी चहा गार. एके दिवशी मावशी रिकामा ट्रे घेऊन येते आणि जाता जाता म्हणते, "सिस्टर, आज आजी भांडल्या नाहीत." नव्या सिस्टरला हे बरं वाटेल. अनुभवी सिस्टर हातातलं काम सोडून उठेल. आजींचा कप निम्मा भरलेला आहे, डोळे मिटलेले आहेत, हाक मारली की उघडतात आणि पुन्हा मिटतात. ताप नाही. पण श्वास जलद आहे आणि कॅथेटरच्या बॅगेतली लघवी गढूळ आहे. ही इन्फेक्शनची सुरुवात असू शकते, आणि ती पकडली गेली ती कुरकुर बंद झाली म्हणून. असं कोणत्याही मशीनला सांगता येत नाही.

म्हातारपणात आजार तोंड लपवून येतो

पुस्तकात न्यूमोनिया म्हणजे ताप, खोकला, छातीत दुखणं. ऐंशीच्या पुढच्या माणसात यातलं काहीच नसेल. ते फक्त जेवायचे थांबतील किंवा पलंगावरून उतरताना पडतील. हार्ट अटॅक छातीत न दुखता नुसता दम लागून किंवा घाम फुटून येऊ शकतो. म्हणून काही आकडे पाठच करा.

केंद्रात राहणाऱ्या वृद्धांमध्ये तोंडातलं टेम्परेचर एकदा जरी १०० फॅरनहाइटच्या वर गेलं, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्यापेक्षा दोन अंशांनी वाढलं, तर तो ताप समजायचा. ज्यांचं एरवी ९७ असतं त्यांना ९९ म्हणजे 'नॉर्मल' नव्हे. श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त असेल तर छातीच्या इन्फेक्शनची शंका घ्या. झोपून घेतलेल्या बीपीपेक्षा उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरत असेल, तर तो माणूस बाथरूमच्या वाटेवर पडणार हे ठरलेलं. महिन्यात वजन पाच टक्के उतरलं, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. दर महिन्याला एका ठरावीक तारखेला सगळ्यांची वजनं घ्या.

सगळ्यात फसवा असतो तो डेलिरियम, म्हणजे अचानक आलेला बुद्धिभ्रम. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. डेलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि त्यामागे बहुतेक वेळा शोधता येण्याजोगं कारण असतं: इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, घसरलेली शुगर किंवा सोडियम, नवीन सुरू झालेलं औषध, दुखणं. बडबड करणारा, सलाईन ओढणारा रुग्ण लगेच लक्षात येतो. गप्प पडून राहणारा सुटून जातो आणि 'आज शांत झोपले' अशी नोंद होते. अशी नोंद करण्याआधी त्यांना जागं करून दोन शब्द बोलायला लावा.

आणखी एक सापळा. चार दिवस पोट साफ नव्हतं आणि आता पातळ होतंय, तर जुलाब थांबवणाऱ्या गोळीकडे हात नेऊ नका. आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ मळ झिरपत असतो. शौचाची नोंद रोज ठेवली असेल तर हे उमजतं, नाही तर उलटाच उपचार होतो.

रात्री डॉक्टरांना फोन करताना

नव्या नर्सेस इथे सर्वांत जास्त घाबरतात. 'सर रागावतील' म्हणून पहाटेपर्यंत थांबतात. फोन करण्याआधी पाच मिनिटं घ्या, व्हायटल्स आणि शुगर तपासा, फाइल समोर उघडा आणि मग क्रमाने बोला: कोण, आधीचे आजार काय, आता काय बदललं, तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला काय हवं. साधारण असं:

"सर, केंद्रातून सिस्टर बोलतेय, दुसऱ्या मजल्यावरच्या ८२ वर्षांच्या आजींबद्दल. डायबेटिस आहे, जुना पक्षाघात आहे, कॅथेटर आहे. आज दुपारपासून सुस्त आहेत, हाकेला डोळे उघडतात पण बोलत नाहीत. एरवी सगळ्यांना नावाने ओळखतात. टेम्परेचर ९९.८ आहे, एरवी ९७ असतं. पल्स ११०, बीपी १००/६०; एरवी वरचं १४० असतं. श्वास २६, सॅच्युरेशन ९३, शुगर १६८. सहा तासांत लघवी दीडशे एमएल, गढूळ. मला इन्फेक्शन वाढल्याची शंका येतेय. आपण बघायला येता, की हॉस्पिटलला हलवू? तोवर काय सुरू करू?"

यात 'एरवी' हा शब्द किती वेळा आला ते बघा. नुसतं '९९.८ आहे' असं सांगितलं असतं तर 'पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघू' असं उत्तर आलं असतं. डॉक्टरांनी फोनवर दिलेली ऑर्डर त्यांनाच परत वाचून दाखवा, वेळेसह लिहा आणि ते आले की सही घ्या. फोन उचलला नाही तर तोही वेळ लिहा आणि दुसरा नंबर लावा. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं, तर फोनाफोनीत वेळ घालवू नका. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. शेवटचं नीट कधी बघितलं ती वेळ लिहा आणि रुग्णाला हलवण्याची तयारी करा. ती वेळ हॉस्पिटलवाले पहिल्यांदा विचारतात.

पाठ, कंबर आणि टाचा

केंद्राची नर्सिंग कशी आहे हे बघायचं असेल तर रुग्णांच्या टाचा बघाव्यात. बेडसोअर होऊ न देणं हे इथलं सर्वांत मोठं कौशल्य आहे, आणि ते पूर्णपणे नर्स आणि मावशींच्या हातात आहे. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर झोपवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. त्याऐवजी पाठीमागे उशी लावून ३० अंशांचा कल द्या. पोटऱ्यांखाली उशी अशी सरकवा की टाचा गादीला टेकणारच नाहीत. ओढून वर सरकवू नका, चादरीसकट उचला; ओढताना कातडी जागेवर राहते, आतलं मांस सरकतं आणि जखम आतून सुरू होते. एअर मॅट्रेस लावली म्हणजे कूस बदलायची गरज संपली, हा समज काढून टाका.

रोज स्पंजिंगच्या वेळी माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, कानाची पाळी आणि डोक्याची मागची बाजू नजरेखालून घाला. लाल जागेवर बोट दाबून उचला. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर वेळ अजून आहे. लालीच गेली नाही, तर तो पहिल्या टप्प्याचा बेडसोअर आहे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही पुष्कळदा. तिथे हात लावून बघा. आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिलपिलीत लागतंय का, दुखतंय का. अशा जागी चोळून मालिश करू नका, पावडर थापू नका, मध्ये भोक असलेली रबरी रिंग ठेवू नका. तिन्हींनी नुकसान होतं. ब्रेडन स्केल १९८७ पासून जगभर वापरात आहे. त्यात एकूण २३ गुण असतात आणि १८ किंवा त्याहून कमी भरले तर धोका आहे असं समजतात. केंद्रात ती पद्धत नसेल तर तुम्ही सुरू करा; एक पानाचा फॉर्म आहे.

नळ्या

आरटी फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी आणि फीडनंतरही अर्धा ते एक तास तशीच ठेवायची. त्यानंतर खाली घ्या, नाही तर रुग्ण घसरत राहतो आणि माकडहाडावर ताण येतो. प्रत्येक फीडआधी नाकाजवळची खूण जागेवर आहे का बघा, आतलं पाणी ओढून बघा. पीएच पट्टी मिळत असेल तर ५.५ किंवा त्याहून कमी यायला हवा. हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याच्या जुन्या पद्धतीवरच विसंबू नका. फुप्फुसात गेलेल्या नळीतूनही तसा आवाज येऊ शकतो. शंका आली तर फीड थांबवा. फीड थांबवल्याने त्या तासाभरात काही बिघडत नाही. छातीत गेलेलं फीड जीव घेऊ शकतं.

कॅथेटरची बॅग मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. व्हीलचेअरवर बसवताना ती मांडीवर ठेवलेली दिसते, तेवढ्यात लघवी मागे फिरते. आणि दर आठवड्याला स्वतःला आणि डॉक्टरांना विचारा: हे कॅथेटर अजून लागतंय का? हॉस्पिटलमधून येताना लागलेली नळी नुसती कोणी काढायची राहिली म्हणून महिनोन्‌महिने राहते.

औषधांची ट्रॉली

इथे एकेका माणसाला आठ-दहा गोळ्या असणं नेहमीचं आहे. घरून नातेवाईक स्ट्रिप्स आणतात, हॉस्पिटलमधून वेगळ्या कंपनीच्या येतात. नावं दोन, आत औषध एकच, आणि दोन्ही चालू! म्हणून कंपनीचं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचा आणि चार्टवरही तेच लिहा.

इन्शुलिनबाबत आपल्याकडे एक खास धोका आहे. बाटली बहुतेक वेळा ४० युनिटची असते, तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० युनिटच्या इन्शुलिनला नारिंगी टोपणाची. १०० युनिटचं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं, तर डोस अडीचपट जातो. बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा प्रत्येक वेळी मोठ्याने वाचा. जेवणाचं ताट समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं जलद इन्शुलिन टोचू नका. आजोबा ऐन वेळी 'भूक नाही' म्हणू शकतात. शुगर ७० च्या खाली गेली आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. शिरेतून ग्लुकोज आणि डॉक्टर, हाच मार्ग. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर शुगर वर आल्यावरही ती पुन्हा घसरू शकते, तेव्हा पुढचा पूर्ण दिवस लक्ष ठेवा.

नळीतून द्यायचं म्हणून सरसकट गोळ्या कुटू नका. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर असेल तर ती गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. पँटोप्राझोलसारख्या गोळीवरचं आवरणही फोडायचं नसतं. डॉक्टरांकडून पातळ औषध किंवा पर्याय मागून घ्या. पार्किन्सनच्या रुग्णाची लेव्होडोपा राउंडच्या सोयीने पुढे-मागे करू नका. अर्धा तास उशीर झाला तरी तो माणूस खुर्चीत जखडून बसतो.

झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्यांबद्दल सावध राहा. वृद्धांना कोणती औषधं टाळावीत याची 'बीअर्स क्रायटेरिया' ही यादी १९९१ मध्ये पहिल्यांदा आली, ती मुळात नर्सिंग होममधल्या वृद्धांसाठीच होती. रात्रीचा त्रास कमी व्हावा म्हणून सुरू झालेली गोळी सकाळी खुब्याचं हाड मोडून जाते. कोणी पडलंच, तर आधी उचलू नका. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय का ते बघा. डोक्याला लागलंय का आणि रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, हे डॉक्टरांना सांगा.

डिमेन्शिया असलेल्या माणसाशी वागताना

एसटीत ड्रायव्हर म्हणून आयुष्य काढलेल्या एखाद्या आजोबांचा विचार करा. रोज पहाटे चारला उठून पलंगाच्या कठड्यावरून पाय टाकतात. चार्टवर लिहिलेलं असतं: 'बेचैन, ऐकत नाहीत.' कठडा आणखी उंच केला तर आणखी उंचावरून पडतील. हात बांधले तर कातडी सोलेल, आणि माणूस अपमानाने आणखी चिडेल. कोणी मुलाला विचारलं तर कळतं, की पहिली गाडी बाबांकडे असायची. मग उपाय निघतो: पावणेचारला मावशी लघवीला नेऊन आणते, खुर्चीत बसवते, चहा देते. अर्ध्या तासाने ते आपण होऊन आडवे होतात.

'त्रास देतात' असं लिहिण्याआधी त्या वागण्यामागे काय आहे ते शोधा: लघवी, भूक, दुखणं, थंडी, भीती, जुनी सवय. दुखणं सांगता येत नसेल तर चेहरा, श्वास, कण्हणं, अंगाचा ताठरपणा आणि समजूत घातल्यावर शांत होतात का, या पाच गोष्टी बघा. त्यावरूनच बनलेली पेनॅड नावाची दहा गुणांची मोजपट्टी आहे. समोरून या, नाव सांगा, एका वेळी एकच गोष्ट सांगा. 'आई कुठे आहे?' असं नव्वदीच्या आजी विचारतात, तेव्हा 'ती कधीच गेली' असं सांगून त्यांना रोज नव्याने पोरकं करू नका. 'आई काय करायची तुमच्यासाठी?' असं विचारा. हात बांधणं हा शेवटचा उपाय आहे: डॉक्टरांची लेखी ऑर्डर, नातेवाइकांना कल्पना, थोड्या वेळासाठी, वारंवार सोडून बघत.

मावशी, मामा आणि नातेवाईक

मावशी तुमच्यापेक्षा दहा वर्षं आधीपासून त्या मजल्यावर असतात. कोण कोणत्या कुशीवर झोपत नाही, कोणाला कोणता घास गिळताना ठसका लागतो, हे त्यांना ठाऊक असतं. हँडओव्हरला त्यांना उभं करा आणि विचारा, "आज काही वेगळं वाटलं का?" भरवताना रुग्ण ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली, घास लहान, आणि तोंड रिकामं झाल्यावरच पुढचा, हे त्यांना करून दाखवा. ओरडून सांगितलेलं कोणी पाळत नाही, सोबत हात लावला की पाळतात.

नातेवाइकांच्या प्रश्नांना 'बरे आहेत' एवढंच उत्तर देऊ नका. अमेरिकेतून व्हिडिओ कॉल करणाऱ्या मुलीला 'आज बाबांनी दीड पोळी खाल्ली, सकाळी अंगणात दोन फेऱ्या मारल्या, टाच थोडी लाल आहे, उशी लावली आहे' असं सांगा. वाईट बातमीही लवकर आणि तुम्ही होऊन सांगा. बेडसोअर त्यांनी स्वतः चादर उचलून बघितला, तर विश्वास पुन्हा बसत नाही. आई-वडिलांना इथे ठेवल्याचा सल बहुतेकांच्या मनात असतो आणि तो कधीकधी तुमच्यावर रागाच्या रूपाने निघतो. उलट बोलू नका, पण अपमान झाला तर इन्चार्जना कळवा.

काही गोष्टींना ठाम नकार द्या. रुग्णाकडून पैसे, दागिना घेऊ नका. एटीएम कार्ड सांभाळू नका. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करू नका. रुग्णाचा फोटो स्टेटसला टाकू नका, वाढदिवसाचा असला तरी. कोणा ज्येष्ठाला छळलं जातंय असं दिसलं तर इन्चार्जना लेखी कळवा. १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, ती सगळ्यांना ठाऊक असू द्या.

निरोपाची वेळ

इथे मृत्यू येणारच. ज्या आजोबांना वर्षभर दाढी करून दिली, ते जातील आणि तुम्हाला घरच्यासारखं दुःख होईल. ते होणं साहजिक आहे. इन्चार्जशी बोला, त्या दिवशी दहा मिनिटं बाजूला बसा.

शेवटच्या दिवसांत काय करायचं आणि काय नाही, हे डॉक्टर आणि कुटुंबाने आधीच ठरवून फाइलमध्ये लिहायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं, जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. हा निर्णय तुम्ही घ्यायचा नाही, पण तो झाला आहे का हे विचारायचं काम तुमचंच. तोवर तोंड ओलं ठेवा, कूस बदलत राहा, दुखू देऊ नका आणि त्यांच्याशी बोलत राहा. वेदनाशमनाचं हे काम नीट शिकायचं असेल तर पुण्यात वारजे इथलं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून ते करत आहे.

मृत्यू डॉक्टरच घोषित करतात. तुम्ही वेळ आणि निरीक्षणं लिहा. अंगावरच्या दागिन्यांची यादी करून दोन जणांच्या सह्या घ्या. नेत्रदानाची इच्छा असेल तर पापण्या मिटवा, त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा आणि नेत्रपेढीला लगेच फोन करा. सहा तासांच्या आत बुबुळं घ्यावी लागतात.

स्वतःला जपा

एकट्याने कोणाला उचलू नका. ऐंशी किलोचा माणूस आणि तुमची कंबर, यात कंबर हरते. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस पूर्ण करा, सुईला टोपण परत लावू नका. नोकरी घेताना लेखी विचारा: रात्री एका नर्सकडे किती रुग्ण, डॉक्टर किती वाजेपर्यंत, ऑन कॉल कोण, सुट्टी किती. उत्तर देताना मालक चाचरत असतील तर दुसरं केंद्र बघा. जे शिकवलेलं नाही ते करायला सांगितलं तर 'मला आधी दाखवा' म्हणा. न केलेल्या गोष्टीची नोंद, कितीही दबाव असला तरी, केली म्हणून लिहू नका. रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण वेळेवर करा.

पहिले तीन महिने जड जातील. त्यानंतर एक दिवस दारातूनच तुम्हाला जाणवेल, की तिसऱ्या पलंगावरच्या आजी आज 'वेगळ्या' आहेत, आणि तपासल्यावर ते खरं निघेल. ते कौशल्य कोणत्याही आयसीयूइतकंच मोलाचं आहे, आणि ज्यांच्याजवळ दुसरं कोणी नाही अशा माणसांच्या ते उपयोगी पडतं. तेव्हा आजच एक वही विकत घ्या, प्रत्येकाचं 'नेहमीचं' तिच्यात उतरवा, आणि त्यात फरक दिसला की मध्यरात्र असली तरी फोन उचला.